सरांनी अडवलं म्हणून

सर आमच्या घरात आले ते पांढरीमुळे. इनामगावात घोडनदीच्या काठी जुन्या वस्तीची टेकाडं आहेत, तीच पांढरी. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. आजोबा टिकाव घेऊन तिथं रोजानं जायचे, त्यामुळे सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं ते सोयऱ्याधायऱ्यांसारखी घ्यायचे. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांची घरं निघाली, पाटाच्या खुणा निघाल्या, आणि घराच्या जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लेकरं. मोठ्यांना पुरताना पाय घोट्याखाली तोडलेले. का, ते आजोबांना शेवटपर्यंत पटेल असं कुणी सांगितलं नाही.

हाडांवर काम करणारा एक विद्यार्थी हंगामभर आमच्याकडे जेवायचा. आजीनं पैसे घेतले नाहीत, "लेकराच्या घासाचं काय घ्यायचं?" म्हणाली. तो पुढं प्राध्यापक झाला, आमचा सर झाला, आणि लग्नकार्याला येत राहिला.

दादाचं दुखणं कळलं ते रक्तदान शिबिरात. हिपॅटायटिस बी. पुढच्या तपासण्यांत यकृत ताठ झालेलं निघालं, सिरॉसिसच म्हणा. दादा दारूला शिवलेला नाही, तरी गावानं जे बोलायचं ते बोललं. तेवढ्यात कुणीतरी एका शहरातल्या दवाखान्याचं पत्रक आणून दिलं: कमरेच्या हाडातून मूळपेशी काढायच्या, यकृताच्या रक्तवाहिनीत सोडायच्या, यकृत नवं. खर्च काही लाखांत. वडील नदीकडचा एकर काढायला तयार झाले. गिऱ्हाईकही ठरलं होतं.

मी सरांना फोन केला तो खरं तर ओळखीनं काही पैसे कमी होतील का, हे विचारायला. ते दुसऱ्या दिवशी एसटीनं गावात हजर. पत्रक दोनदा वाचलं आणि वडिलांना म्हणाले, "आप्पा, हे अजून प्रयोगात आहे. आणि प्रयोगात रोग्याकडून पैसे घेत नसतात. पैसे मागितले तिथंच ओळखायचं."

वडील चिडले. पोराचा जीव आणि हा माणूस नियम सांगतो! सरांनी वाद घातला नाही. दादाला आणि मला घेऊन पुण्यात त्यांच्या ओळखीच्या यकृततज्ज्ञ बाईंकडे गेले.

बाईंनी नीट समजावलं. यकृताला सतत इजा होत राहिली की त्यातल्या काही पेशी डागडुजी म्हणून कोलॅजनचे धागे विणतात. इजा थांबली नाही तर धागेच धागे. मूळपेशींवर जपानपासून ब्रिटनपर्यंत काम झालंय. ब्रिटनमध्ये ८१ सिरॉसिसच्या रोग्यांवर चाचणी झाली. त्यात रोग्याच्याच मूळपेशी टोचून यकृताचं काम काही सुधारलं नाही. ते निष्कर्ष २०१८ साली छापून आले. सोडलेल्या पेशी यकृतात फारशा टिकत नाहीत. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांनुसार मूळपेशींचं रोपण नेहमीचा उपचार म्हणून मान्य आहे ते रक्ताच्या ठरावीक आजारांना, यकृताला नाही.

मला आमचं चोपण रान आठवलं. पाणी देऊन देऊन खार वर आलेल्या जमिनीत कितीही भारी बेणं लावा, आधी पाणी आवरावं लागतं. दादाच्या यकृतात विषाणूच इजा करत होता. त्याला आवरायला रोजची एक गोळी होती, टेनोफोविर, आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती सरकारी केंद्रावर फुकट. विषाणू दबला की कित्येकांचे धागे वर्षानुवर्षांनी विरघळूही लागतात, हे बाईंनी सांगितलं तेव्हा दादानं तीच गोष्ट पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाला, "एवढंच?" एका गोळीवर विश्वास ठेवणं त्याला लाखांच्या सुईपेक्षा जड गेलं.

गोळी जन्माची आहे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कारण सिरॉसिस झालेल्या यकृतात गाठ होण्याची धास्ती राहतेच. ताठपणाचा आकडा मात्र उतरत गेला. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, लशी झाल्या. एकर जागेवर आहे. आप्पा सरांशी वर्षभर तुटक बोलत. नंतर गुऱ्हाळ लागलं की पहिली ढेप पुण्याला पाठवायचे. सर म्हणायचे, मला शुगर आहे. तरी पाठवायचेच.

परवा दादाला नातू झाला. पहिल्या चोवीस तासांतच त्याला हिपॅटायटिस बीची लस टोचली. सरांना फोन केला, तर त्यांनी आधी लशीचं विचारलं, मग बाळाचं वजन, मग घोड धरणात पाणी किती आहे ते.