डास आणि गोळी

आमचे वऱ्हाड उन्हासाठी प्रसिद्ध! अकोला-अमरावतीकडे उन्हाळाभर घरोघरी कूलर घुमतात. पाऊस आला की ते थांबतात. तळाशी पाणी मात्र तसेच राहते आणि तेथे डासांची वसाहत वसते.

“बाबू, ‘ब’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत जा, डास फिरकणार नाहीत,” असे आमच्या शेजारचे काका मला सांगतात. ही समजूत जुनीच. १९४३ साली शॅनन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ती मांडली. पुढे प्रयोग झाले; गोळी घेणाऱ्यांनाही डास तितकेच चावले. डासाची मादी आपल्याला शोधते ती उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांवरून. गोळीने श्वास थोडाच थांबतो!

गोळीने मन मात्र निर्धास्त होते, आणि साचलेले पाणी विसरले जाते. खरा धोका हाच. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या कडांना चिकटतात. म्हणून दर रविवारी मी कूलर आणि रांजण रिकामे करतो, घासतो, कोरडे ठेवतो. काकांनी गोळी खुशाल घ्यावी. पण रांजण आधी पालथा घालावा!