पांढऱ्या पेशींची आवक

रविवार. मार्केट यार्डात पाय ठेवायला जागा नाही. पपईच्या गाळ्यापुढे कांदा निवडणाऱ्या मावशी भेटल्या. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, किरणांचे पंधरा शेक झालेत, दहा राहिलेत. "पांढऱ्या पेशी उतरल्यात. पपईनं चढतात म्हणे?" नाही चढत. जुलाब होत असतील तर डॉक्टरांना विचारूनच खा, एवढंच सांगितलं. तरी त्यांनी एक घेतलीच.

*

का उतरतात? मोठ्या माणसाची रक्त तयार करणारी जवळजवळ निम्मी मज्जा कमरेच्या मणक्यांत आणि ओटीपोटाच्या हाडांत. शेक नेमका तिथेच. त्यात लिंफोसाइट ही पांढरी पेशी भलतीच नाजूक: बाकीच्या बहुतेक पेशी विभागायला गेल्या की मरतात, ही बसल्या जागी. शेक संपून महिने लोटले तरी तिची आवक पुरती सावरत नाही.

*

पण गाठही गुपचूप मरत नाही. डीएनएचे तुकडे पेशीत सांडतात, तिथला 'स्टिंग' नावाचा गजर वाजतो, पहारेकरी पेशी गाठीचे अवशेष लसिकाग्रंथींत नेऊन ओळख पटवतात. चोर तर परकाच: एचपीव्ही विषाणूची ई६, ई७ प्रथिनं. गंमत अशी (गंमत कसली म्हणा!) की ज्या ग्रंथींत ही ओळखपरेड व्हायची, त्याही शेकाच्या चौकटीतच येतात. वर शेकानंतर गाठ 'पीडी-एल१' नावाचं प्रथिन पुढे करून आलेल्या पेशींना थोपवते.

*

ती आडकाठी काढणारं पेम्ब्रोलिझुमॅब केमो-शेकाबरोबर दिलं, तेव्हा तीन वर्षांनी ८२.६ टक्के बायका जिवंत होत्या, त्याविना ७४.८. कीनोट-ए१८ चाचणी, १०६० बायका. त्याच जातीच्या दुर्व्हालुमॅबला मात्र यश आलं नाही. पेम्ब्रोलिझुमॅबचा खर्च लाखांत. कांदा निवडून?

*

मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा आकडा मला जवळचा वाटतो. २००३ ते २०११, तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायका. नुसत्या शेकावर पाच वर्षांनी ४६ टक्के जिवंत, शेकासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन दिल्यावर ५४. सिस्प्लॅटिन जुनं, स्वस्त, आणि पांढऱ्या पेशी आणखी उतरवणारं. तरी जास्त बायका जगल्या त्यानंच. म्हणून रिपोर्टातला पेशींचा आकडा पाहून घरच्यांनी आपल्या मनानं शेक थांबवू नये. थांबवायचा की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

*

मावशींना पेशींपेक्षा बुडणाऱ्या रोजाची चिंता जास्त. पण रोजासाठी शेकात मधे खंड पडला तर गाठ पुन्हा वाढायला लागते. बाहेरचा शेक आणि आतला शेक धरून सगळं आठ आठवड्यांत उरकायला हवं.

सोळावा शेक उद्या, सोमवारी.