मोडक्या पाट्याची साक्ष

वकिलाने मोटारीविषयी लिहू नये, असा आमच्या मित्रमंडळींचा अभिप्राय आहे. मोटारीतले आम्हांला एवढेच कळते की तिला चार चाके असतात आणि महत्त्वाच्या तारखेच्या दिवशीच ती बंद पडते. तथापि गेल्या वैशाखात जे घडले ते मोटारीपेक्षा आमच्याविषयी अधिक असल्यामुळे ते लिहिणे भाग आहे.

आमची काजूची बाग खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत रानात आहे. मलप्रभा उगम पावते तो हा मुलूख. येथे पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. बागेची वाट ओहोळांतून आणि जांभ्याच्या कातळावरून जाते. म्हणून चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येतो असा एक लहान मालट्रक आम्ही काही वर्षांपूर्वी जुन्या बाजारात घेतला. बागेला लागून ग्रामदेवतेचे देऊळ आहे. त्याच्या सभामंडपाचे काम निघाले, मोठा ट्रक तिथवर जाईना, तेव्हा देवस्थान समितीच्या मंडळींनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही गाडी देऊ केली. गाडीबरोबर आमचा चालक गेला. गावातलाच पंचविशीचा तरुण, अबोल, पण गाडी धुताना मात्र तिच्याशी बोलणारा.

जांभ्याच्या एका चिऱ्याचे वजन तीस किलोच्या आसपास भरते. एका खेपेला पंचवीस चिरे, असा क्रम ठरला होता. पुढे मृग जवळ येऊ लागला, गवंडी घाई करू लागले, आणि एके सकाळी आम्हीच फर्मान काढले की यापुढे चाळीस घालावेत. चालकाने एकदा आमच्याकडे आणि एकदा मागच्या चाकांकडे पाहिले. बोलला काही नाही. त्याच्या त्या पाहण्याचा अर्थ विचारण्याची आम्हांस गरज भासली नाही.

आठवड्याभराने गाडी परतली ती डाव्या अंगाला कलून, खांदा उतरलेल्या बैलासारखी. चाक सरळ धरले तरी ती तिरकी चाले. आम्ही देवळाच्या ओसरीवर गावच्या चार वडीलधाऱ्यांसह बसलो होतो. विचारताच तो म्हणाला, "वकीलसाहेब, मी कुठं आपटली नाही. ओहोळात उतरताना कट्ट करून आवाज आला, तेवढंच."

आता आमच्या धंद्याची खोड पाहा. १८६३ साली इंग्लंडात 'बर्न विरुद्ध बोडल' नावाचा एक खटला निकालात निघाला. लिव्हरपूल येथील एका वखारीच्या खिडकीतून पिठाचे पिंप रस्त्याने जाणाऱ्या माणसावर पडले. ते कसे पडले हे कोणी सिद्ध करू शकले नाही. पण पिंप आपण होऊन खिडकीबाहेर येत नसते, तेव्हा ते ज्याच्या ताब्यात त्याचा हलगर्जीपणा प्रथमदर्शनी धरावा, असे न्यायासनाने मानले. वस्तू स्वतःच बोलते, हे ते तत्त्व. गाडी चालकाच्या ताब्यात, गाडी मोडलेली, झाले! आम्ही तिथल्या तिथे चार माणसांसमक्ष निवाडा दिला की दुरुस्तीचा निम्मा खर्च त्याच्या पगारातून वळता होईल. नुकसानीपोटी पगार कापण्याआधी नोकराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी, ही अट १९३६ च्या वेतनाच्या कायद्यात होती व २०१९ च्या वेतनसंहितेतही ठेवलेली आहे. आमच्यासारख्या खासगी मालकाला ती कितपत लागू, हा वाद कोणी काढला असता तर आम्ही तासभर बोललो असतो. त्या पोराने वाद काढला नाही. त्याने गाडीची किल्ली देवळाच्या पायरीवर ठेवली आणि तो चालता झाला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाकडून तरी गाडी हळूहळू बेळगावास आणवली. तेथे मालगाड्यांच्या पाट्यांचे काम करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. आमची समजूत अशी की ते खाली वाकतील, मोडलेला पाटा दाखवतील आणि आकडा सांगतील. त्यांनी तसे काहीच केले नाही. प्रथम हौदा रिकामा करवला. गाडी सपाट फरशीवर घेतली, चारही टायरांत हवा सारखी भरली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचे माप घेतले. डावीकडे चार सेंटिमीटर कमी. मग पाट्याच्या पुढच्या खिळीपासून मागच्या आसापर्यंत दोरी लावून पाहिली, तर डावीकडचा आस बोटभर मागे सरकलेला. गाडी तिरकी का चालते ते एवढ्यात कळले. त्यानंतर पाटे आसाला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टांच्या नटांवर त्यांनी हातोडीने एकेक टिचकी मारली. उजवीकडचे नट खणखणले, डावीकडचे बद्द वाजले.

गाडी घोड्यांवर चढवून, आसाखाली जॅक देऊन, त्यांनी नट काढले. पाट्यांची चळत शिकंज्यात धरूनच मधला बोल्ट सोडावा लागतो, कारण दाबून बसवलेले पाटे मोकळे होताच उसळतात आणि हाताची बोटे त्यांना चिऱ्यांपेक्षा मऊ वाटतात. मधला बोल्ट तुटलेलाच होता. वरून तिसरा पाटा मधल्या भोकाशी दुभंगला होता. लोखंडी पट्टीखाली झाकलेला, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला तो कधीच दिसला नसता.

मिस्त्रींनी तुकडा रॉकेलने पुसून आमच्या हाती दिला. मोडलेल्या तोंडाचा तीन चतुर्थांश भाग काळपट तांबूस होता, आणि भोकाच्या कडेपासून शिंपल्यावर असतात तशा बारीक कमानी एकापुढे एक उमटल्या होत्या. कडेला केवळ बोटाच्या पेराएवढा भाग साखरेसारखा रवाळ आणि चकचकीत होता.

"वकीलसाहेब, हे चकाकतंय तेवढं परवाचं. बाकीचं जुनं हाय. गेला पावसाळा खाल्लाय यानं."

लोखंड असे थकते, हे माणसाला फार उशिरा कळले. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला, तेव्हापासून या थकव्याची खरी चौकशी सुरू झाली. एकाच मोठ्या आघाताने नव्हे, तर हजारो लहान हेलकाव्यांनी चीर पुढे सरकते. मिस्त्रींचे म्हणणे असे की यू-बोल्ट सैल झाले की पाटे मध्यावर वाकू लागतात, आणि भोकामुळे पाटा तिथेच सर्वांत दुबळा असतो.

"नट सैल कशाने झाले?" आम्ही विचारले, उलटतपासणीत उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विचारू नये, हा नियम विसरून.

"मागं कधी पाटे खोलले होते काय? खोलल्यावर थोडी गाडी चालवून नट परत आवळावे लागतात."

खोलले होते. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुमारास, दुसऱ्या एका ठिकाणी. तिथल्या कारागिराने निघताना नेमके हेच बजावले होते, आणि चालकाने पुढे दोनदा आठवणही केली होती. आमच्या तारखा होत्या. आम्ही 'पुढच्या आठवड्यात' म्हटले होते. पिठाचे पिंप कोणाच्या वखारीत होते, हे आता निराळे सांगायला नको.

आम्ही वेल्डिंगची सूचना करून पाहिली, ती मिस्त्रींनी हसण्यावारी नेली. पाट्याचे पोलाद लाल तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने शेकून लवचीक केलेले असते; सांधा मारला की त्या उष्णतेने शेजारचे पाणी बिघडते आणि पाटा सांध्याच्या बाजूला पुन्हा मोडतो. उजवीकडची कमानही बसलेली निघाली, म्हणून दोन्ही बाजूंचे पाटे बदलले. यू-बोल्ट नवे घातले, कारण एकदा ताणलेला आटा पुन्हा भरवशाचा राहत नाही. रबरी बुशांचे बोल्ट मात्र त्यांनी ढिले ठेवले आणि गाडी चाकांवर उतरल्यावरच आवळले. अधांतरी आवळले तर भार येताच रबर पिळवटते. सर्व कामाला दोन दिवस लागले. त्या दोन्ही दिवशी आम्ही तिथे स्टुलावर बसून होतो, याचे आमच्या कारकुनाला अद्याप आश्चर्य आहे.

मोडका तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून आम्ही त्या पोराच्या घरी गेलो. त्याच्या आईने पाणी आणून ठेवले, पण बसा म्हटले नाही. त्याने तुकडा उजेडाकडे धरला, तांबूस भागावरून अंगठा फिरवला, आणि तो आमच्याकडे न पाहता आईला दाखवला. आम्ही जे बोलायचे ते बोललो. तो म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही तिथं चारचौघांत बोलला होता."

सोमवारी आरतीनंतर त्याच ओसरीवर, त्याच वडीलधाऱ्यांसमोर आम्ही आपला निवाडा मागे घेतला. चूक कोणाची होती हे तारखेनिशी सांगितले आणि बुडालेल्या दिवसांचा पगार त्याच्या हाती दिला. एका आजोबांनी तुकडा मागून घेतला आणि तो हातोहात फिरला. चालकाने पैसे मोजून खिशात ठेवले. खेपेला चिरे किती, एवढेच त्याने विचारले. तो सांगेल तितके, असे आम्ही म्हटले. त्याने बावीस सांगितले.

पहिली भरलेली खेप झाली त्या संध्याकाळी तो पाना घेऊन गाडीखाली शिरला. आम्ही बॅटरी घेऊन शेजारी उकिडवे बसलो. नट समोरासमोरच्या जोडीने आवळायचे असतात, हे आता आम्हांस ठाऊक होते, आणि त्याप्रमाणे आम्ही उजेड आधीच पुढच्या नटाकडे नेऊ लागलो.

"वकीलसाहेब," खालून आवाज आला, "बत्ती जरा मी सांगतो तिथं धरा."