गाव कुठले?

परदेशच्या सहलीत शेवटच्या रात्रीची चव काही निराळीच असते. पाहायचे ते पाहून झालेले असते, पैसे संपत आलेले असतात आणि आठ दिवस निमूटपणे मिटणारी बॅग नेमकी त्याच रात्री मिटायचे नाकारते.

आमच्या महाविद्यालयाची मंडळी मॉरिशसला गेली, तेव्हा ही रात्र एका मराठी कुटुंबाच्या अंगणात गेली. विद्यार्थी बहुतेक चिकलठाण्याचे नि आसपासचे. विमानतळ गावाला लागूनच. त्यामुळे डोक्यावरून जाणारी विमाने त्यांच्या नित्य परिचयाची. समुद्र मात्र बहुतेकांनी प्रथमच ओलांडला होता.

त्या दिवशी सकाळी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट पाहिला. मुलांनी दगडी पायऱ्या मोजल्या, सोळा भरल्या. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी साडेचार लाखांहून अधिक हिंदी मजूर करारावर या बेटावर आणले गेले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही त्यांची बंदरे. मुंबईहून निघालेल्यांत रत्नागिरीकडची माणसेही होती. २००६ मध्ये युनेस्कोने या घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

त्याच कोकणी माणसांचे वंशज आमचे यजमान होते. घरातले बोलणे क्रिओल भाषेत. पण तिथल्या शाळांतून मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. जेवणे झाली, ढोलक निघाला आणि झाकडीचा फेर सुरू झाला. गंमत अशी, की आमच्या मराठवाड्याच्या पोरांनी हे कोकणचे नृत्य कधी पाहिले नव्हते. त्यासाठी त्यांना हिंदी महासागर ओलांडावा लागला!

फेर थांबल्यावर घरातल्या आजोबांनी आमच्या एका विद्यार्थिनीला जपून जपून मराठीत विचारले, “बाळ, तुझे गाव कुठले?”

“अजिंठ्याच्या बाजूला,” ती म्हणाली. आठ दिवस ती सगळ्यांना हेच सांगत होती. गावाच्या नावात ‘चिखल’ ऐकून कुणी हसेल, ही तिची धास्ती.

“बाजूला नव्हे. गाव?”

“चिकलठाणा,” ती हळूच म्हणाली.

कुणी हसले नाही. आजोबांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिले. मग म्हणाले, “माझ्या पणज्याचे गाव मोक्याला महात्मा गांधी संस्थेतल्या जुन्या वहीत लिहिले आहे. कारकुनाने इंग्रजीत असे लिहिले, की ते कुठले गाव, कुणाला उमगत नाही. आम्हांला रत्नागिरी एवढेच ठाऊक.”

मग ती बोलतच राहिली. सुखना नदी, जालना रस्ता, शेतांच्या जागी उभे राहिलेले कारखाने. आजोबा ऐकत होते, जणू स्वतःच्याच गावची खबर कळत होती.

मला वाटले, आमची ही रात्र गोड, कारण परतीचे तिकीट खिशात आहे. त्या पणज्यानेही गावातली शेवटची रात्र कुठेतरी काढलीच असेल. करार संपला की परत येऊ, असे बायकामाणसांना सांगितलेही असेल. ती रात्र शेवटची, हे त्याला तरी कुठे ठाऊक होते? माझ्या वर्गातली मुलेही उद्या नोकरीसाठी दूरदूर जातील. जावेच. गावाचे नाव तेवढे बरोबर असावे.

निघताना यजमानांनी पाहुण्यांची वही पुढे केली. त्या मुलीने नावाखाली लिहिले, “मु. पो. चिकलठाणा, जिल्हा छत्रपती संभाजीनगर.” अक्षर ठसठशीत होते. शंभर वर्षांनीही कुणाला वाचता येईल असे.