काळी बाजू इंजिनाची

‘पांढऱ्याची खेळी, पाच चालींत मात.’ असं कोडं मोबाइलवरच्या स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या इंजिनाला घालावं, तर पापणी लवायच्या आत उत्तर हजर. कोडं सुटलं खरं, पण ते मी कुठे सोडवलं? म्हणून हल्ली मी इंजिनाला उत्तर विचारतच नाही. पांढरी बाजू माझी, काळी त्याची. मी चाल करायची आणि त्यानं निसटून दाखवायचं.

सॅम लॉइडचं ‘एक्सेलसियर’ मी असंच सोडवलं. या अमेरिकन कोडेकाराचं हे कोडं १८६१ मध्ये लंडनला छापून आलं. त्यामागे एक पैज होती. मुख्य उत्तरात कुठलं मोहरं मात करणार नाही ते सांग, असं लॉइडनं मित्राला विचारलं. मित्रानं बोट ठेवलं बी२ वरच्या प्याद्यावर.

पट समोर आला की हात आपसूक बी५ वरच्या हत्तीकडे जातो. काळा राजा एच१ वर कोपऱ्यात कोंडलेला. हत्ती एफ५ वर न्यायचा, पुढच्या चालीला एफ१ वर मात. पण इंजिन आपला हत्ती सी८ वरून सी५ वर आणून ठेवतं, आणि माझा हत्ती जखडला जातो, कारण त्याच्या मागे एच५ वर माझाच राजा उभा. खाली उतरता येत नाही. काळा हत्ती मारावा, तर बी६ चं प्यादं माझा हत्ती खाऊन टाकतं. डी५ वर नेऊन पाहिला, तरी तीच गत.

म्हणजे सी५ वर आधी पहारा बसवायला हवा. म्हणून पहिली चाल बी२ वरच्या प्याद्याची, बी४! आता काळ्या हत्तीनं सी५ वरून शह दिला, की हेच प्यादं त्याला मारतं. मग सी६, मग बी७ वरचं प्यादं, आणि पाचव्या चालीला ए८ वरचा घोडा मारून वजीर. त्या कोपऱ्यातून या कोपऱ्यापर्यंत तिरपी मात, तीही मित्रानं निवडलेल्या प्याद्याकडून. लॉइड भलताच खट्याळ माणूस असणार.

कॉम्प्युटरला मातेची कोडी पहिल्यांदा घातली डीट्रिख प्रिन्झनं, १९५१ मध्ये, मँचेस्टरच्या फेरांटी मार्क वनवर. दोन चालींच्या कोड्याला पंधराएक मिनिटं लागायची. सोयीसाठी त्यानं काही नियम गाळले होते. प्याद्याची दोन घरांची उडी नाही, प्याद्याचा वजीर नाही. म्हणजे लॉइडच्या उत्तराची पहिली चालही नाही आणि शेवटचीही नाही!

स्टॉकफिश मुळात डाव जिंकण्यासाठी घडवलेलं. निरुपयोगी वाटणारे फाटे ते छाटत जातं, म्हणून तर इतकं वेगवान. जिथे काळ्याला कुठलीही चाल करणं तोट्याचंच असतं, अशा लांब कोड्यांत मात्र हीच छाटणी नडते. आधी नऊ चालींत मात म्हणतं, थोडं थांबलं की सात. मात खोटी नसते, पण सर्वांत छोटी असेलच असं नाही. कोड्याला दुसरं उत्तर आहे का हे तपासायला मी पोपाय वापरतो. हा मोफत प्रोग्रॅम कोड्यांसाठीच लिहिलेला आहे. तो एकेक शक्यता पडताळतो आणि लांब कोड्याला खुशाल रात्रभर घेतो.

मुलांना कोडी देत असाल, तर इंजिन बंद करू नका. त्याला फक्त काळ्या बाजूला बसवा.