टेक्सासचे गुराखी आणि त्यांचे पाहुणे

जुलै हा काही आमच्या खात्यात रजा मागण्याचा महिना नव्हे. पेरण्या उरकून कोळपण्या सुरू झालेल्या असतात, कुठे अळी पडलेली असते, कुठे खताची ओरड असते. पण भाचा डॅलसला नोकरीला लागून सहा वर्षे झाली होती आणि बहिणीचा एकच धोशा होता, "दादा, निवृत्तीनंतर जाईन म्हणशील, आणि तेव्हा गुडघे नको म्हणतील." साहेबांनीही कधी नव्हे ती रजा मंजूर केली. तेव्हा निघालो.

डॅलस शहराबद्दल मी काही लिहीत नाही. उंच इमारतींची वर्णने तुम्ही पुष्कळ वाचली असतील. मला बघायचा होता तो गुरांचा मुलूख. तिकडे शाळांची मोठी सुट्टी जून ते ऑगस्ट असते, म्हणून शहरची माणसे बायकापोरांसह याच दिवसांत गुरांच्या रानाकडे धाव घेतात. उन्हाळा मात्र आपल्या वैशाखाला हार जाणार नाही. पारा चाळीस अंशांवर, गवत वाळून पिवळे पडलेले आणि दुपारी चिटपाखरू दिसत नाही. मला तर परभणीतच उतरल्यासारखे वाटले.

माझ्या मनात आणखीही एक हिशेब होता, तो आधीच सांगतो. आपल्या राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. तेव्हापासून आठवड्याला एक तरी शेतकरी कचेरीत येतो आणि विचारतो, "साहेब, शेतावर पाहुणे ठेवू का? परवडेल का?" मी नियम सांगतो, अर्ज देतो, पण परवडेल का, याचे उत्तर माझ्यापाशी नसते. म्हटले, जिथे हा धंदा शंभराहून जास्त वर्षे चालला आहे तिथली तऱ्हा बघू तरी.

पहिल्या दिवशी भाच्याने फोर्ट वर्थला नेले. डॅलसच्या पश्चिमेला तीस मैलांवर हे शहर. १८६० नंतरच्या दशकांत दक्षिणेकडून गुरांचे मोठमोठे कळप याच वाटेने कान्सासच्या रेल्वेपर्यंत हाकीत नेत. पुढे इथे गुरांचा मोठा बाजार भरू लागला. तो बाजार आता उरला नाही. गोठे आणि विटांचे रस्ते राहिले आहेत. त्याच रस्त्यावरून १९९९ सालापासून रोज साडेअकराला आणि चारला लांब शिंगांची पंधरा-वीस गुरे हाकीत नेतात. शिंगे या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूसभर लांब. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांची ही गर्दी! पाच मिनिटांत खेळ खलास, की सगळे टोप्या विकत घ्यायला दुकानात. खरे सांगतो, मन भरले नाही. आपल्या पोळ्याच्या मिरवणुकीत निदान वर्षभर राबलेले बैल असतात. ही गुरे मिरवणुकीपुरतीच ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी मात्र जे पाहिले त्यासाठी विमानाचे भाडे वसूल झाले असे म्हणेन. फोर्ट वर्थलाच १९३६ साली बांधलेली विल रॉजर्स यांच्या नावाची मोठी बंदिस्त रंगशाळा आहे. तिथे उन्हाळ्यात कटिंग घोड्यांच्या स्पर्धा भरतात. आत भुसभुशीत मातीचे रिंगण, एका टोकाला गुरांचा कळप आणि सभोवार बाके. आमच्या शेजारी गवती टोपी घातलेला एक गृहस्थ बसला होता. मी शेतीखात्यात विस्तार अधिकारी आहे असे भाच्याने सांगताच तो जवळ सरकला. तोही त्याच्या काउंटीचा विस्तार अधिकारी निघाला! काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याच्या तोडीची असे समजा. डॅलसच्या पूर्वेला टेरेल गावी १९०३ साली सीमन नॅप यांनी शेतकऱ्याच्याच रानात पहिले प्रात्यक्षिक घेतले, आणि तिकडच्या विस्तारकार्याचे मूळ तेच, हे त्याने मला अशा अभिमानाने सांगितले, की जणू नॅप त्याचे आजोबाच. पुढची सगळी माहिती मी त्याच्याच तोंडून ऐकली.

कळपातून हवे ते एक जनावर वेगळे काढायचे आणि परत कळपात मिसळू द्यायचे नाही, एवढाच या खेळाचा अर्थ. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठे? आमचे दहा वर्षांचे पोर शेवरीची काठी घेऊन हे करते. खरे आहे. पण आपली गुरे माणसाळलेली, नावाने हाक मारली की मान वर करणारी. तिकडची गुरे मोकळ्या रानात वाढलेली, वर्षातून चार वेळा माणूस बघणारी. असे जनावर एकटे पडले की बिथरते आणि कळपाकडे जिवाच्या आकांताने धावते. त्याच्या पुढ्यात घोडा उभा राहतो.

स्वाराला अडीच मिनिटे मिळतात. तेवढ्यात दोन किंवा तीन जनावरे काढायची, आणि त्यांतले एक तरी कळपाच्या आत शिरून आणायचे, कडेचे नव्हे. शिरताना घोडा असा हळूहळू चालतो की गुरे रवंथ थांबवत नाहीत. जनावर बाहेर आले, की स्वार लगामाचा हात खाली सोडतो आणि घोड्याच्या मानेवर टेकवतो. दुसऱ्या हाताने खोगिराची मूठ धरतो. इथून पुढे माणसाचे काम संपले! लगाम सैल. घोड्याने स्वतःच्या अकलेने जनावर अडवायचे. वारीच्या रिंगणात माउलींचा अश्व स्वाराविना धावतो ना, त्याची मला आठवण झाली; इथे स्वार पाठीवर असतो, पण हुकूम घोड्याचा.

एक तांबडी, ठेंगणीशी घोडी आली. तिने काळी कालवड वेगळी काढली. कालवड डावीकडे झेपावली, तर घोडी पुढचे पाय पसरून जवळजवळ मातीत बसली आणि तशीच डावीकडे वळली. कालवड थबकली, घोडी थबकली, नाकासमोर नाक. कालवडीने उजवीकडे हुलकावणी दिली आणि परत डावीकडे मुसंडी मारली. घोडी फसली नाही. आरशात बघावे तसे चालले होते. वर बसलेला बाप्या मूठ धरून कसाबसा टिकला होता. मी बाकावरून कधी उठून उभा राहिलो ते मलाच कळले नाही. आणि वेळ संपायला थोडेच क्षण उरले असताना तिसरे जनावर घोडीच्या शेपटीमागून निसटून कळपात घुसले. सगळ्या बाकांवरून एकदम "अरेरे!"

असे जनावर निसटले की पाच गुण जातात. जनावर अंगावर येत असताना त्याला सोडून दिले तर तीन. लगाम ओढून घोड्याला इशारा केलेला दिसला तरी गुण कापतात. पंच पाच असतात, प्रत्येकाने साठ ते ऐंशींमध्ये गुण द्यायचे. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी देणाऱ्या पंचांचे गुण सोडून मधल्या तिघांची बेरीज धरतात. वशिल्याला वाव कमी! मदतीला चार घोडेस्वार असतात: दोघे कळप सांभाळतात, दोघे समोरून पळणारे जनावर परत फिरवतात.

हा खेळ कुणी बसून शोधून काढलेला नाही, कामातून निघालेला आहे. पूर्वी रानाला कुंपण नव्हते. दहा मालकांची गुरे एकत्र चरत. वर्षातून दोनदा ती गोळा करायची, गाईच्या अंगावरचा डाग बघून तिच्या वासराला तोच डाग द्यायचा, आजारी आणि विकायची गुरे बाजूला काढायची. या कामाचा घोडा म्हणजे गुराख्याचा जीव की प्राण. १८७४ साली ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि बघता बघता मोकळे रान तारांनी बंद झाले. घोड्याचे काम घटले, पण अभिमान शिल्लक होता. १८९८ साली हॅस्केल गावी गुराख्यांच्या मेळाव्यात दीडशे डॉलरच्या बक्षिसासाठी शर्यत लागली, आणि ती हब नावाच्या बावीस वर्षांच्या म्हाताऱ्या घोड्याने जिंकली. पुढे १९४६ साली फोर्ट वर्थला या स्पर्धांची राष्ट्रीय संघटना निघाली.

त्या अधिकाऱ्याने एक गोष्ट सांगितली ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. स्पर्धेला गुरे ताजी लागतात. एकदा-दोनदा रिंगणात आलेल्या जनावराला डाव कळतो. मग ते धावत नाही, उभे राहते किंवा निमूट चालते. त्यामुळे दर वेळी नवी गुरे आणावी लागतात आणि या खेळातला मोठा खर्च तोच.

वाटेत वेदरफर्डला थांबलो. फोर्ट वर्थच्या पश्चिमेचे हे गाव स्वतःला कटिंग घोड्यांची राजधानी म्हणवते. घोड्यांचे तबेले रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहेतच, पण पीच फळाचीही ख्याती आहे आणि जुलैत पीचची जत्रा भरते. शेतकरी रस्त्याकडेला छपराखाली पाट्या मांडून स्वतःच विकतात. फळ रसाळ, पण वसंतात उशिरा थंडीचा कडाका आला तर मोहोर जळून साल वाया जाते. द्राक्षवाल्यांना हे दुःख वेगळे सांगायला नको.

तिथून पाच तासांच्या रस्त्यावर, सॅन अँटोनियोच्या पलीकडे, बांदेरा गाव आहे. इथल्या रँचवाल्यांनी १९२० च्या सुमारास पाहुणे ठेवायला सुरुवात केली. त्याहीपूर्वी, १८८० च्या दशकात, उत्तरेकडे डाकोटा प्रांतात ईटन नावाच्या भावांकडे पूर्वेची मित्रमंडळी यायची आणि महिनोन्‌महिने राहायची. शेवटी एका पाहुण्यालाच लाज वाटली आणि त्याने राहण्याजेवणाचे पैसे पुढे केले. धंदा असा सुरू झाला म्हणतात. घरी आलेल्याकडून पैसे घ्यायचे कसे, हा प्रश्न त्यांनाही पडलाच होता तर!

आम्ही उतरलो ते रान दीड हजार एकरांचे. ऐकून डोळे विस्फारू नका. त्या खडकाळ मुलखात एका गाईमागे वीस-पंचवीस एकर धरावे लागतात. भाडे माणशी दिवसाला दोनशे डॉलरच्या आसपास, जेवणखाण आणि घोडा धरून. सकाळी सहाला घंटा, झाडाखाली चुलीवरची न्याहारी, मग घोड्यावरून रान फिरणे. दुपारी पोरे मदिना नदीत रबरी ट्यूबवर तरंगतात, मोठी माणसे झोपतात. संध्याकाळी पाहुण्यांनी दहा गोऱ्ह्यांतून एक वेगळा काढायचा. मलाही एका वयस्क घोडीवर बसवले. लगाम सोडा, असे मला तीनदा सांगितले. जन्मभर फटफटीचे हँडल धरलेला माणूस, सोडतो कशाला? गोऱ्हा वळला, घोडी वळली, आणि मी सरळ गेलो. माती मऊ होती. एका चिमुरडीने टोपी आणून दिली.

कळपातल्या बऱ्याच गुरांच्या पाठीवर वशिंड होते आणि गळ्याखाली पोळी लोंबत होती. तिकडे या जातीला ब्राह्मन म्हणतात. युरोपातली गुरे टेक्सासच्या उन्हाने आणि गोचीड-तापाने हैराण होत, म्हणून आपल्याकडची गुरे नेली; १९०६ साली पिअर्स रँचनेही हिंदुस्थानातून वळू आणले. गीर, कांकरेज, ओंगोल आणि थोडा अंश आपल्या कृष्णाकाठच्या जातीचा, असे त्यांचे रक्त. मी म्हाताऱ्या मालकाला म्हणालो, "मिरजेकडे माझी आठ वर्षे नोकरी झाली. कृष्णाकाठी बैल आता तिथेच शोधावा लागतो." तो बराच वेळ आपल्या गाईंकडे बघत राहिला.

रात्री त्याने वही काढली. एका पानावर पाहुणे, दुसऱ्यावर गुरे. २०११ च्या मोठ्या दुष्काळात निम्मी गुरे विकली, ती परत भरून आलीच नाहीत. सगळ्या अमेरिकेतच २०२४ च्या जानेवारीत गुरांची संख्या आठ कोटी बहात्तर लाखांवर आली, १९५१ नंतरची सर्वांत कमी. गुरांना भाव आहे, पण चारा विकत घेऊन तो पुरत नाही. घर चालते ते पाहुण्यांवर. त्याची मुलगी म्हणाली, "वीस गुरे ठेवू, बाकीची विकू. पाहुण्यांना वीसच दिसतात." म्हातारा म्हणाला, "वीस गुरे आठवड्यात डाव शिकतील. मग तू त्यांना ढकलत फिरवशील, आणि माझ्या घोड्याही विसरतील." मुलगी म्हणाली, "पाहुण्यांना तो फरक कळत नाही." आणि दोघेही माझ्याकडे बघू लागली, सरकारी माणूस म्हणून.

आकड्यांनी मुलीचे बरोबर होते, आणि मी तसे सांगितले. पण फोर्ट वर्थच्या रस्त्यावरची ती पाच मिनिटांची मिरवणूकही सांगितली. वीसऐवजी साठ गुरे ठेवून, दर हंगामात त्यांतली निम्मी बदलता येतील का, चाऱ्याचा खर्च किती येईल, असा हिशेब आम्ही बारापर्यंत मांडत बसलो. तो जुळला नाही. पावसावर अडला.

पहाटे मला लवकर जाग आली. पाहुणे झोपलेले होते. म्हातारा त्याच वयस्क घोडीवर बसून कळपाकडे निघाला होता. एका गाईचे डोळे आले होते, पाणी गळत होते, तिला वेगळी काढायची होती. तो कळपात हळू शिरला, गाय बाहेर आणली आणि हात घोडीच्या मानेवर टेकवला. गाय दोनदा उलटली, घोडी दोनदा बसून वळली. मुलीने फाटक उघडले, गाय आत गेल्यावर लावले, आणि खिशातून डोळ्यांच्या मलमाची नळी काढली.