सहा पाकळ्या, सात पाकळ्या

पितृपक्ष सरत आला की पावसाचा जोर ओसरतो, आभाळ निळंशार होतं आणि दुपारचं ऊन चटका देऊ लागतं. नेमक्या याच दिवसांत शहरांतल्या कितीतरी बालवाड्यांच्या भिंतींवर ‘ऑटम’ चिकटवला जातो. लाल-केशरी कागदाची टोकदार मेपलची पानं! ते झाड आपल्या अंगणात नाही, आणि आपली पानगळही आत्ता नाही. ती शिशिरात, माघ-फाल्गुनाच्या सुमारास. शरदातली आपली झाडं पाऊस पिऊन तुडुंब असतात. मुलं बिचारी सांगितलेलं पान सांगितलेल्या जागी चिकटवतात, पण खिडकीबाहेर बघितलं तर त्यांना ते कुठे दिसत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. तीन-चार वर्षांच्या वयात ऋतू कळतो तो नाकाला आणि बोटांना, आणि याच दिवसांत बोटांजोगं केवढं तरी आपल्या दाराशी येऊन पडलेलं असतं.

अक्षरशः पडलेलं. पारिजातकाखाली सकाळी जाऊन बघा. ओंजळभर फुलं वेचून आणावीत आणि मुलांपुढे नुसती ठेवावीत, काही न सांगता. आधी वास घेणं होतं, मग कोणीतरी देठ ओढतं. केशरी नळी अलगद निघते, कागदावर दाबून घासली की पिवळसर केशरी रेघ उमटते. पूर्वी याच देठांच्या रंगात कापड रंगवत, हे मोठ्यांना सांगावं लागतं. मुलांना ते स्वतःच सापडतं. मग पाकळ्या मोजायची वेळ येते. पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एका अंगाला कललेल्या, त्यामुळे कुठून सुरुवात केली ते मूल विसरतं आणि मोजणं गोल गोल चालू राहतं.

“बाई, याला सहा!”

“माझ्याला सात आहेत.”

“खोटं!”

दोन्ही खरं असतं. एकाच झाडाच्या फुलांना पाच, सहा, सात, क्वचित आठही पाकळ्या असतात. म्हणून मग पुन्हा मोजायचं, शेजारच्याचं फूल आपण मोजायचं, आपलं त्याला द्यायचं. प्लास्टिकच्या एकसारख्या मण्यांनी मोजणं शिकवता येतं, पण पुन्हा मोजून बघावंसं वाटायला असं वेगवेगळं निघणारं फूलच लागतं.

ही वाट महाराष्ट्रात कोणी पाडली ते बालवाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या, माँटेसरींची पद्धत कोळून प्यायलेल्या. 1945 साली त्यांनी बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. 1957मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरींची साधनं घोटीव लाकडाची आणि महाग. वारली पाड्यांवर ती कुठून आणणार? मग पानं, फुलं, बिया, खडे, शंख-शिंपले हीच साधनं झाली. आणि मुलं शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात जाऊन बसली.

पैसा नव्हता म्हणून काढलेली पळवाट, असं याकडे बघितलं जातं. मला ती त्याहून कितीतरी मोठी गोष्ट वाटते. लाकडी ठोकळ्यांच्या संचात एकाच गुणाचा फरक ठेवलेला असतो, उंचीचा किंवा जाडीचा. काय बघायचं हे करणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. पानांच्या ढिगाचं तसं नाही. लांबी, रंग, कड, वास, खरखरीतपणा, सगळं एकदम हातात येतं आणि कशावरून वेगळं काढायचं ते मुलाने ठरवायचं. एका मुलीने लहान-मोठी पानं सोडून भोकांच्या पानांची वेगळी रास लावली होती. मग ती भोकं कोणी पाडली यावर चर्चा झाली, आणि सगळी वरात कढीलिंबाच्या झाडाकडे गेली. तिथे फुलपाखराची हिरवी अळी पान कुरतडत होती, कडेकडेने, मन लावून. त्या दिवशी चिकटकाम राहूनच गेलं, आणि बरं झालं.

दसऱ्याचा आपटा तर बालवाडीसाठीच घडवलेला. पान मधल्या शिरेवर दुमडलं की दोन्ही भाग एकमेकांवर नेमके बसतात. कागद दुमडून अर्धंच पान कापायचं आणि उघडायचं. पूर्ण पान निघालेलं बघून मुलांचे डोळे विस्फारतात. खऱ्या पानावर पातळ कागद ठेवून खडू आडवा फिरवला की शिरा उमटतात, मात्र पान पालथं ठेवायचं, कारण पाठीवरच्या शिरा उठलेल्या असतात. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचन मिळतो. त्याचं पान मोठं, आपट्याचं लहान आणि आडवं पसरट. दोन्ही शेजारी ठेवले तर मुलं फरक चटकन सांगतात. फांद्या ओरबाडून मात्र आणू नयेत. मुलं आपल्या हातांकडेही बघत असतात.

घटस्थापनेला घरोघरी धान्य पेरलं जातं, तसं करवंट्यांत माती घालून बालवाडीतही पेरावं. एक करवंटी खिडकीत, एक अंधाऱ्या कपाटात. नऊ दिवसांनी खिडकीतला गहू हिरवागार आणि कपाटातला उंच, लुळा, पिवळा. “याला कोणी जेवायला दिलं नाही,” असं मुलं म्हणतात आणि पिवळी करवंटी उचलून उन्हात नेऊन ठेवतात.

हादग्याचंही तेच. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा आणि खिरापत ओळखायची. गोड आहे का, चावावं लागतं का, पांढरं आहे का, असे एकेक प्रश्न विचारत उत्तराजवळ जायचं. नीट विचार करायचं याहून सुंदर शिक्षण मला तरी माहीत नाही.

सावध राहावं लागतं ते बियांपाशी. लहान मुलं बी नाकात घालतात, कानात घालतात. लालचुटुक गुंज कितीही मोहक दिसली तरी विषारी आहे, ती वर्गात आणूच नये. धाकट्यांसाठी कणसं, करवंट्या, भोपळे, मोठी पानं पुरेशी आहेत.

आणि एक तक्रार. शाळेने हस्तकलेचा ‘प्रोजेक्ट’ द्यायचा, आईने रात्री जागून तो करायचा आणि मुलाने सकाळी हात न लावता नेऊन द्यायचा, हे थांबायला हवं. तो कंदील कितीही देखणा झाला तरी मुलाचा नसतो. कात्री वाकडी जाणार, डिंक केसांना लागणार, झेंडूची माळ वीतभरही होण्याआधी अर्धी फुलं कुस्करली जाणार. माळ एवढीच होईल. दाराला ती लावावी, विकतच्या तोरणाशेजारी.

दिवाळीचा किल्ला हे या सगळ्याचं मोठं काम. मोठी मुलं बुरूज रचतात, पायऱ्या काढतात, खंदक खणतात. धाकट्यांना ‘तू बघ’ म्हणून बाजूला बसवलं जातं. त्यांना चिखल कालवायला द्यावा, गोणपाट भिजवायला द्यावं. अळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरायचे, म्हणजे दिवाळीपर्यंत डोंगर हिरवा होतो. ते टाकायचं काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाकडे सोपवावं. एका जागी मूठभर पडतील, दुसरीकडे एकही नाही. पडू द्यावेत तसेच, आणि मग रोज सकाळी पाणी शिंपडायला त्यालाच हाक मारावी.